गोळी लागली होती का?

गेल्या महिन्यात आमच्या कोरेगाव तालुक्यातील गावी, वेशीवर नवी कमान उभारण्यासाठी बैठक झाली. सैन्यात असताना मृत्यू आलेल्या गावच्या जवानांची नावे कमानीच्या खांबांवर कोरावीत, यावर सर्वांचे एकमत होते. मात्र माझ्या चुलत भावाचे नाव निघताच मागे बसलेल्या एकाने विचारले, "त्याला गोळी लागली होती का? गाडी पलटी झाली होती ना?" विचारणाऱ्याच्या मनात खोट नव्हती, हे मी जाणतो. वहिनी बायकांच्या बाजूला बसल्या आहेत, हे मात्र त्याच्या ध्यानात आले नव्हते.

दादा आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होता. २०११ च्या डिसेंबरात अरुणाचलमध्ये रसद पोहोचवून परतताना त्याचा ट्रक दरीत कोसळला. बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत आली.

आपण सरसकट वापरतो तो 'शहीद' हा शब्द सैन्याच्या अधिकृत परिभाषेत नाही. तेथे 'बॅटल कॅज्युअल्टी' आणि 'फिजिकल कॅज्युअल्टी' असे दोन वर्ग आहेत. लढाईत किंवा दहशतवाद्यांशी चकमकीत मृत्यू आल्यास कुटुंबाला उदारीकृत निवृत्तिवेतन मिळते, जे शेवटच्या वेतनाइतके असते; सेवेमुळे ओढवलेल्या अपघाताने किंवा आजाराने मृत्यू आल्यास विशेष कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, जे त्या वेतनाच्या ६० टक्के असते. सरकारने हा भेद का केला, हे मला समजते आणि त्याविषयी माझी तक्रारही नाही. परंतु पेन्शनचा तक्ता गावच्या कमानीला लावण्याचे कारण काय, हे मला अद्याप कोणी पटवून दिलेले नाही.

पहिल्या महायुद्धात सातारा तालुक्यातील अपशिंग्याचे ४६ जवान कामी आले आणि गावाच्या नावाला 'मिलिटरी' हा शब्द कायमचा जोडला गेला, हे आपल्या जिल्ह्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्याच युद्धात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा येथे तुर्की सैन्याच्या वेढ्यात अडकल्या होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत चाललेल्या त्या वेढ्यात गोळ्यांनी माणसे मेली, तशीच ती उपासमारीने आणि रोगराईनेही मेली, आणि शरणागतीनंतर कैदेत तर आणखी कितीतरी दगावली. त्यांच्यापैकी कोण गोळीने गेला आणि कोण हगवणीने, याची निवड करून आपण आज हात जोडतो का? फार मागेही जायला नको. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनमध्ये १९,००० फुटांहून अधिक उंचीवरच्या चौकीवर हिमकडा कोसळला आणि दहा जवान गेले. त्यांत माण तालुक्यातील मस्करवाडीचा एक नर्सिंग असिस्टंट होता. १९८४ पासून सियाचीनने घेतलेल्या बळींत शत्रूपेक्षा थंडीचा आणि बर्फाचा वाटा मोठा आहे.

वीरपत्नींचा विषय निघाला की आपल्याकडे कर्नल संतोष महाडिक यांच्या पत्नीचे उदाहरण हमखास दिले जाते. पोगरवाडीचे महाडिक हे १९६१ साली सुरू झालेल्या, देशातील पहिल्या म्हणजे साताऱ्याच्या सैनिक शाळेचे विद्यार्थी. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात ते धारातीर्थी पडले आणि २०१७ च्या सप्टेंबरात स्वाती महाडिक स्वतः लेफ्टनंट झाल्या. त्यांच्याविषयी मला अपार आदर आहे. तथापि एका सत्कार समारंभात सूत्रसंचालकाने त्यांचा दाखला देऊन आमच्या वहिनींना विचारले, "मग तुम्ही काय ठरवलंय?" वहिनींच्या मांडीवर तेव्हा शाल, नारळ आणि झोपलेली मुलगी होती, पाहुण्यांना उशीर झाल्यामुळे त्या दोन तास तशाच बसून होत्या.

त्यांनी काय ठरवले होते, ते मी सांगतो. सासूबाईंच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करायची, दीड एकरातले आले वेळेवर काढायचे, आणि रेकॉर्डमधले आपले नाव दुरुस्त करून घ्यायचे. लग्नानंतर बदललेले त्यांचे नाव सैन्याच्या कागदात एक होते आणि शिधापत्रिकेवर दुसरे. त्या एका अक्षराच्या फरकापायी त्यांनी एसटीने किती खेपा घातल्या, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. ज्या टेबलावर त्यांना तिसऱ्यांदा परत पाठवले गेले, त्याच्या मागच्या भिंतीवर जवानांना वंदन करणारे मोठे पोस्टर होते. सत्काराला बोलावणाऱ्यांपैकी एकानेही, अगदी मीसुद्धा, त्यांच्याबरोबर त्या टेबलापर्यंत जाण्याची तसदी सुरुवातीला घेतली नाही. मी गेलो तो चौथ्या खेपेला.

दादाचे सामान युनिटमधून काळ्या लोखंडी ट्रंकेत आले होते. झाकणावर पांढऱ्या रंगाने त्याचा नंबर, हुद्दा आणि नाव लिहिलेले होते. आत लोकरीचे मोजे, दाढीचे सामान, मुलीचा फोटो आणि घरून नेलेल्या शेंगदाण्याच्या चटणीचा निम्मा रिकामा डबा होता. काकूंनी तो डबा कितीतरी दिवस कोणाला धुऊ दिला नाही. ती ट्रंक आजही माजघरात, धान्याच्या कणगीशेजारी आहे आणि पेन्शनचे सगळे कागद, दरवर्षीच्या हयातीच्या दाखल्याच्या पावत्यांसह, तिच्यातच असतात.

बैठकीत मी यातले बरेचसे बोललो, आणि थोडा चढ्या आवाजात बोललो. एका माजी सुभेदारांनी "नाव जाणार, विषय संपला" असे म्हटल्यावर सरपंचांनी वहीत नोंद केली. लोक उठू लागले तेव्हा वहिनी पुढे आल्या आणि चौपदरी घडी घातलेला कागद त्यांनी सरपंचांसमोर ठेवला. त्यावर दादाचे पूर्ण नाव, नंबर आणि कोअर सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते. त्या म्हणाल्या, "ट्रंकेवर नाईक आहे, पण तुम्ही हवालदार लिहा. बढतीचं पत्र नंतर आलं होतं. झेरॉक्स जोडली आहे."