पांढरे ठिपके, चमचाभर हळद आणि तो फॉरवर्ड

“मामा, हळद एक चमचा की दोन?” फोंड्याहून भाचीने विचारले, आणि खाली तो फॉरवर्ड होताच. पाऊस सुरू झाला, पाणी दोन-तीन अंशांनी उतरले, की दरवर्षी असे काहीतरी फिरू लागते. यंदाचा मजकूर असा: माशावर पांढरे ठिपके दिसले तर टाकीतले सगळे पाणी काढा, खडी आणि फिल्टर नळाखाली स्वच्छ धुवा, ताजे पाणी भरा, त्यात चमचाभर हळद, मूठभर मीठ आणि टेट्रासायक्लिनची एक कॅप्सूल टाका. तीन दिवसांत मासा ठणठणीत. नाहीच झाला तर विहिरीत सोडा, जीवदानाचे पुण्य लागेल.

तीन दिवसांत ठिपके जातात, हे बहुतेक वेळा खरे. म्हणूनच हा फॉरवर्ड टिकून आहे. पण ते हळदीवाचूनही जातात! ठिपका म्हणजे ‘इक’ हा एकपेशीय परजीवी. कातडीखाली बसून तो माशावर पोसतो, पुरेसा वाढला की आपणहून सुटतो, खडीला नाहीतर पानाला चिकटतो आणि स्वतःभोवती पुटी, म्हणजे बारीक कोश, करून आत विभागत जातो. फ्लोरिडा विद्यापीठाच्या विस्तार सेवेचे या रोगावर माहितीपत्रक आहे, ते एकदा वाचावे. २५ अंशांच्या आसपास हे सगळे चक्र ३ ते ६ दिवसांत पुरे होते, एका पुटीतून हजारापर्यंत पिल्ले निघतात, आणि ४८ तासांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. औषध लागू पडते ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. कातडीतल्याला नाही, पुटीतल्यालाही नाही. म्हणजे ज्या दिवशी “गुण आला” म्हणून तुम्ही थांबता, त्याच दिवशी तळाशी पुढची फौज तयार होत असते. आठवड्याने ठिपके परत येतात, ते कल्ल्यांसकट.

त्याआधी ठिपके इकचेच आहेत ना, ते बघा. इकचे ठिपके बारीक मिठाच्या कणांएवढे, अंगावर आणि परांवर कुठेही विखुरलेले असतात. गोल्डफिशच्या नराला कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीच्या पराच्या पुढच्या काडीवर ओळीने पांढरे दाणे येतात. तो विणीचा काळ आहे, रोग नव्हे.

आता सगळ्यात घातक सल्ला: सगळे पाणी काढा, फिल्टर नळाखाली धुवा. माशांनी सोडलेला अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात आणि खडीत राहतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, ते जंतू मारण्यासाठीच. स्पंज त्याखाली खळखळून धुतला की अमोनिया पचवणारे फारसे उरत नाहीत, आणि क्लोरीन कल्ले भाजते ते वेगळेच. त्यात झाडांच्या टाकीचे पाणी बहुधा किंचित आम्लधर्मी असते, नळाचे पुष्कळदा नसते. २८ अंशांना पीएच (आम्लतेचे माप, ७ च्या खाली आम्लधर्मी) ७ असेल तर अमोनियाचा १ टक्काही विषारी रूपात नसतो, पीएच ८ झाला की ६ टक्क्यांच्या वर जातो. दोन-तीन दिवसांनी मासे वर येऊन धापा टाकू लागतात आणि लोक म्हणतात, औषध मानवले नाही. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळा. पाणी एका वेळी चौथाई बदला, अँटी-क्लोरीन घालून. विहिरीच्या पाण्याला क्लोरीनची भीती नाही, पण जांभ्यातले पाणी बहुधा मृदू आणि आम्लधर्मी असते. रात्रभर बादलीत हवा सोडून ठेवा, मग वापरा.

हळद? तिच्यातले करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. पूड तरंगते, मग खाली बसून कुजते, आणि काचेच्या सांध्यांचे सिलिकॉन कायमचे पिवळे होते. कॅप्सूल जिवाणूंवर चालते, इक जिवाणू नाही. मरतील ते फिल्टरमधले.

मिठाचे मात्र मान्य करावे लागेल, नाइलाजाने. मीठ इकवर चालते. पण ‘मूठभर’ हे माप झाले का? मूठ साधारण ५० ग्रॅमची. १५ लिटरच्या टाकीत ती बरी, १०० लिटरमध्ये वाया, आणि झाडांच्या टाकीत कॅबोम्बा नि मॉस आधी गळते.

म्हणून सगळे मासे रिकाम्या टबात हलवा, दिसायला निरोगी असलेलेही. लिटरला २ ते ३ ग्रॅम मीठ, म्हणजे ४० लिटरला ८० ते १२० ग्रॅम, विरघळवून तीन हप्त्यांत २४ तासांत घाला. कोरिडोरास आणि लोच या तळाशी राहणाऱ्या माशांना निम्मेच. हीटरने हळूहळू ३० अंशांपर्यंत न्या, गोल्डफिश असतील तर हा भाग सोडा. एअर पंप रात्रंदिवस चालू हवा, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. रोज तळाचे चौथाई पाणी नळीने ओढून काढा, पुट्याही निघतात, आणि जेवढे पाणी बदलले तेवढ्याच हिशेबाने मीठ परत घाला. शेवटचा ठिपका गेल्यावर आणखी आठवडाभर हेच. मूळ टाकीत तोवर मासाच नसल्याने पिल्ले उपाशी मरतात आणि झाडांना मीठ लागत नाही. चवथीला गावी जायचे असेल तर रोजचे पाणी बदलणारा माणूस आधी ठरवा.

राहिले विहिरीचे पुण्य. तिथे डासांच्या अळ्या खाणारे मासे असतील तर तुमचा इक त्यांनाही लागेल. व्हाळात, म्हणजे ओढ्यात, सोडलात तर तो आणखी पसरेल, आणि जगलेला परका मासा गावठी माशांचे खाद्य खाईल. मासा वाचणारच नसेल तर लवंग तेल कोमट पाण्याच्या बाटलीत हलवून, लिटरला ०.४ मिलीलिटर या मापाने वेगळ्या भांड्यात घाला. कल्ले थांबल्यावरही दहा मिनिटे तसाच ठेवा, मग माडाच्या आळ्यात पुरा. भांड्यातले पाणीही आळ्यातच ओता.