वेगळे दिसण्याची सर्वमान्य पद्धत

सगळे जे घालतात तेच आपणही घालावे, मात्र ते आपल्याखेरीज कोणाला सुचलेच नव्हते असे पाहणाऱ्याला वाटावे, एवढीच आपली कपड्यांबाबतची माफक अपेक्षा असते. गेओर्ग झिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९०४ साली लिहून ठेवले आहे, की चारचौघांत मिसळून जाण्याची आणि त्याच चारचौघांतून उठून दिसण्याची अशा दोन्ही हौशी फॅशन एकदमच भागवते. त्याला या दोन हौशींमधली ओढाताण दिसली, कारण ‘ट्रेंडला आपला खास टच द्या’ हा सल्ला त्याच्या कानावर आला नव्हता. आपल्या कानावर तो रोज येतो, आणि लाखो लोक तो एकाच वेळी अमलात आणत असल्यामुळे आपल्या खासपणाला सोबतीची वाण पडत नाही.

सर्वप्रथम ट्रेंड निवडावा, आणि तो निवडताना वेळेचे भान ठेवावे. फार लवकर उचललात तर लोक आपल्या प्रकृतीची चौकशी करतात आणि फार उशिरा उचललात तर वयाची. ओळखीतल्या तिघांनी एखादी गोष्ट घातलेली दिसली आणि चौथा अजून विचारात असला, की तो क्षण आपला समजावा. रंगाच्या बाबतीत मात्र सर्वस्वी स्वतःच्या मनाचे ऐकावे. पँटोन ही कंपनी २००० सालापासून दरवर्षी त्या वर्षाचा रंग जाहीर करत आली आहे, तेव्हा ती घोषणा होईपर्यंत मनाला थोडे थोपवून धरावे, इतकेच. २०२४ साली पुष्कळ मनांना अंतःप्रेरणेने पीचची फिकट छटा आवडू लागली आणि २०२५ साली त्याच मनांना तितक्याच उत्स्फूर्तपणे तपकिरी रंगाची ओढ लागली, यावरून अंतःप्रेरणा किती वक्तशीर असते हे कळते.

आता खऱ्या कामाकडे वळू. ढगळ शर्टाचे पुढचे टोक पँटमध्ये खोचायचे आणि मागचा घेर मोकळा सोडायचा, या प्रकाराला ‘फ्रेंच टक’ म्हणतात, आणि घाईघाईत आवरून बाहेर पडलेल्या बेफिकीर माणसाची छाप पाडण्याचा हा हमखास उपाय आहे. त्यासाठी अर्धा तास हाताशी ठेवावा. पट्ट्याच्या बकलापाशी चार बोटे मावतील एवढेच कापड आत सारावे, मग दोन बोटांच्या चिमटीत धरून ते किंचित वर ओढावे, म्हणजे पट्ट्यावर एक सैलसर झोळ येतो. हा झोळ कमी पडला तर आपण कारकून दिसतो आणि जास्त झाला तर पोट दिसते. नंतर एकदा खुर्चीवर बसून उठावे, वरच्या फळीवरचे काहीतरी काढायला हात उंच करावा, आणि तेवढ्याने खोचलेले टोक बाहेर आले असेल तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी. बाह्यांचेही असेच आहे. दोन घड्या नीट मोजून घालाव्यात आणि तिसरी वैतागून घातल्यासारखी चुरगाळावी. हा वैताग दोन्ही हातांवर सारखा उतरेल याची काळजी घ्यावी.

या कष्टांना परंपरा आहे, म्हणून लाजण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या उच्चभ्रू पुरुषांना साधेपणाने कसे सजावे हे शिकवणारा बो ब्रमेल गळ्याला पांढरा रुमाल बांधत असे. सांगतात, की एका सकाळी त्याचा नोकर चुरगळलेल्या रुमालांचा ढीग घेऊन जिना उतरताना कोणा पाहुण्याला दिसला आणि ‘हे काय?’ असे विचारल्यावर ‘हे आमचे फसलेले प्रयत्न’ असे गंभीरपणे म्हणाला. ब्रमेल पुढे जुगारातल्या कर्जापायी १८१६ साली फ्रान्सला पळून गेला, पण त्याचा रुमाल सैल सुटल्याचा उल्लेख कोठे आढळत नाही.

जीन्सला आपला टच द्यायचा म्हणजे ती फाडायची, हे आता सांगावे लागत नाही. कशी फाडायची ते सांगावे लागते. डेनिमचे उभे धागे निळीत रंगवलेले असतात आणि आडवे पांढरे असतात. गुडघ्यावर दोन समांतर आडवे काप द्यावेत, त्यांच्या मधले निळे उभे धागे चिमट्याने एकेक करून उपसावेत आणि पांढऱ्या आडव्या धाग्यांची जाळी तेवढी शिल्लक ठेवावी, म्हणजे आयुष्याने आपल्याला बरेच घासले आहे असे दिसते. एक संध्याकाळ आणि मानेचा थोडा भाग यात खर्ची पडतो. भोक गुडघ्याच्या प्रत्येक हालचालीबरोबर वाढत जाते, म्हणून आतल्या बाजूने एक ठिगळ शिवून त्याला आवर घालावा. जेकब डेव्हिस आणि लेवाय स्ट्राउस यांना २० मे १८७३ रोजी अमेरिकेत जे पेटंट मिळाले, ते पँटचे खिसे कोपऱ्यांवर फाटू नयेत म्हणून तेथे धातूच्या रिव्हेट ठोकण्याबद्दलचे होते. त्या बिचाऱ्यांनी खिशांची काळजी वाहिली, म्हणून आपल्याला निश्चिंत मनाने गुडघ्यांकडे लक्ष देता येते. घरी फाडलेल्या जीन्सचा दोष म्हणाल तर एकच, की ती कारखान्यात लेझरने फाडलेल्या जीन्सइतकी अस्सल वाटत नाही.

बंडखोरी अंगावर मिरवायची असेल तर सेफ्टी पिन पुरेशी आहे. १९७०च्या दशकात लंडनमधल्या, पंक या बंडखोर संगीताने भारलेल्या मुलांनी ती फाटक्या कपड्यांना टोचली तेव्हा भले लोक दचकले, आणि १९९४ साली एलिझाबेथ हर्ली या ब्रिटिश अभिनेत्रीने मोठमोठ्या सोनेरी पिनांनी जोडलेला, व्हर्साचे या इटालियन फॅशन कंपनीचा काळा पोशाख घातला तेव्हा तेच लोक टाळ्या वाजवत होते. म्हणजे आपण टोचाल तेव्हा कोणी दचकणार नाही, याची खात्री बाळगावी. फियाटचे प्रमुख जियानी आन्येली शर्टाच्या कफवर घड्याळ बांधत. आपणही बांधावे. कोणी हसलेच तर ती आन्येलींची शैली असल्याचे सांगावे, आणि ‘मग तुमची कोणती?’ असा पुढचा प्रश्न येण्याआधी घड्याळात पाहून निघावे.

आजोबांचा जुना कोट घालण्याची कल्पनाही उत्तम आहे. आजोबा कोट घालत नसतील तर तो विकत आणावा; आजोबा हरकत घेत नाहीत.

पोशाख जमल्यावर कोणीतरी त्याची स्तुती करते, आणि खरी परीक्षा तेथे असते. अशा वेळी आभार मानण्याची चूक करू नये, कारण आभार मानले की आपण प्रयत्न केला होता हे उघड होते. किंचित गोंधळून स्वतःच्या अंगाकडे पहावे, जणू आपण काय घातले आहे ते आताच कळते आहे, आणि म्हणावे, ‘हे होय? हाताला लागले ते चढवले.’ हे वाक्य आरशासमोर पाच-सहा वेळा म्हणून पहावे, विशेषतः ‘हे होय?’ मधला ‘होय’ जरा लांबवून.

हे सर्व मी अनुभवाने सांगतो आहे. मागे एकदा वीज गेलेली असताना अंधारात आवरून कामावर गेलो आणि दुपारी लक्षात आले, की एका पायात गडद हिरवा मोजा आहे आणि दुसऱ्यात करडा. शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने बराच वेळ खाली पाहून ‘हे मुद्दाम का?’ असे विचारले. मी खरे ते सांगितले, तेव्हा त्याचा चेहरा पडला. पुढच्या आठवड्यात तो एक निळा आणि एक पिवळा मोजा घालून आला आणि ही आपली जुनी सवय असल्याचे सर्वांना सांगू लागला. त्याचे कौतुक झाले. कोणी तरी फोटोही काढला. तेव्हापासून मीही रोज विजोड मोजे घालतो, पण ते अंधारात जमले तसे दिवा लावून जमत नाहीत. हिरव्याशी करडा आता फारच ठरवून घातल्यासारखा वाटतो आणि तांबड्याशी तो चक्क जुळतो, त्यामुळे सकाळी मोज्यांचा ड्रॉवर पलंगावर उपडा करून बसावे लागते, आणि गेल्या गुरुवारी त्यापायी कामावर पोहोचायला उशीर झाला. साहेबांनी कारण विचारले. मी पायांकडे पाहिले आणि म्हणालो, ‘हे होय?’