सीएने भरलेल्या विवरणपत्राची जबाबदारी कोणाची?

प्राप्तिकर विवरणपत्रे भरण्याचे दिवस आले की पगारदारांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. विवरणपत्र सीएने भरले असेल तर त्यातील चुकीला सीएच जबाबदार असतो. पुराव्याची कागदपत्रे ऑनलाइन जोडावी लागत नसल्याने वजावट हवी तेवढी दाखवता येते. मिळालेल्या परताव्यातील ठरावीक टक्के एवढीच फी घेणारा सल्लागार सर्वांत भरवशाचा. आणि परतावा खात्यात जमा झाला की विषय संपला, अशी चार विधाने त्यात असतात. यावर विसंबलेले करदाते नोटीस घेऊन माझ्यासारख्या व्यावसायिकाकडे येतात तेव्हा करण्याजोगे फार थोडे उरलेले असते, म्हणून ही विधाने एकेक करून तपासणे मला आवश्यक वाटते. पुढे दिलेली कलमे १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील आहेत. नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा असला, तरी त्याआधीच्या वर्षांच्या उत्पन्नाला जुनाच कायदा लागतो.

पहिले विधान सर्वांत घातक आहे. कलम १४० नुसार व्यक्तीच्या विवरणपत्राची पडताळणी त्या व्यक्तीनेच करायची असते. ती परदेशात असेल किंवा अन्य कारणाने असमर्थ असेल, तरच रीतसर मुखत्यारपत्र दिलेला प्रतिनिधी ती करू शकतो. मोबाइलवर आलेला ओटीपी आपण फोनवरून सल्लागाराला सांगतो, त्या क्षणी ‘यातील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी व पूर्ण आहे’ या घोषणेखाली आपली सही होते. साध्या विवरणपत्रावर सीएची सही लागतच नाही. ती लागते कलम ४४एबीखालील लेखापरीक्षण अहवालासारख्या कागदांवर. खोट्या वजावटीमुळे उत्पन्न कमी दाखवले गेले आणि तो प्रकार चुकीची माहिती देण्याचा ठरला, तर कलम २७०ए प्रमाणे त्यावरील कराच्या २०० टक्के दंड होतो. तीस टक्क्यांच्या टप्प्यातील करदात्याने राजकीय पक्षाला न दिलेली दीड लाखाची देणगी दाखवली, तर उपकरासह सुमारे ४६,८०० रुपये कर वाचल्यासारखा दिसतो. प्रकरण उघडकीस आल्यावर तो कर, त्यावरील व्याज आणि नव्वद हजारांहून कमी नसलेला दंड भरावा लागतो, आणि ही मागणी करदात्याच्याच नावे निघते. प्रामाणिक चुकीला कायद्यात वाव आहे: सर्व तथ्ये उघड केली असतील आणि स्पष्टीकरण सद्भावनेचे असेल, तर ती रक्कम दंडासाठी धरली जात नाही. न दिलेल्या देणगीला मात्र हे संरक्षण मिळण्याची शक्यता नाही.

याचा अर्थ सीए मोकळा सुटतो, असा नव्हे. खोटे विवरणपत्र देण्यास साहाय्य करणे किंवा चिथावणे हा कलम २७८ खाली तुरुंगवासाचा गुन्हा आहे; अहवालात वा प्रमाणपत्रात चुकीची माहिती दिल्यास कलम २७१जे प्रमाणे प्रत्येक अहवालामागे १०,००० रुपये दंड होऊ शकतो. सनदी लेखापाल कायदा, १९४९ च्या दुसऱ्या अनुसूचीत कामातील घोर निष्काळजीपणा हे व्यावसायिक गैरवर्तन मानले असून त्यासाठी नोंदवहीतून नाव कमी होऊ शकते. पण ही जबाबदारी करदात्याच्या जबाबदारीच्या जोडीला येते. तिची जागा घेत नाही.

कागदपत्रे जोडायची नसतात, हे खरे आहे. ती जपून ठेवायची असतात, एवढाच त्याचा अर्थ, कारण विभागाने मागितल्यावर पुरावा दाखवण्याचे ओझे वजावट मागणाऱ्यावरच असते.

टक्केवारीच्या फीबद्दल मला अधिक लिहावेसे वाटते, कारण संदेश ज्याला भरवशाची खूण म्हणतो, ती माझ्या मते धोक्याची खूण आहे. कामाच्या निष्पत्तीवर अवलंबून असलेली फी घेण्यास १९४९ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीने सीएला मनाई केली असून, त्याला नियमावलीने मोजकेच अपवाद ठेवले आहेत. परताव्यात वाटा असलेल्या माणसाला परतावा फुगवण्यात स्वतःचा लाभ दिसू लागतो, आणि मग ‘ही वजावट तुम्हाला मिळत नाही’ हे वाक्य त्याच्या तोंडून निघणे कठीण होते. खरे तर तेच ऐकण्यासाठी आपण त्याच्याकडे गेलेलो असतो. असे देकार देणारे अनेक ‘कर सल्लागार’ सीए नसतातही, त्यामुळे त्यांच्याविरुद्ध सीएंची नियामक संस्था असलेल्या इन्स्टिट्यूटकडे शिस्तभंगाची तक्रार करण्याचा मार्गसुद्धा उरत नाही. १४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर विभागाने देशभर केलेली पडताळणी मोहीम खोट्या वजावटी मिळवून देणाऱ्या अशाच मध्यस्थांवर रोखलेली होती. आपला सीए काहीही झाले तरी गप्प राहील, असेही काही जण गृहीत धरतात. अशिलाची माहिती संमतीशिवाय उघड न करणे हे सीएचे कर्तव्य आहेच, परंतु कायद्याने मागितलेली माहिती त्या कर्तव्यातून वगळलेली आहे, आणि कलम १३१ खालील समन्स आल्यावर सीएला हजर राहून कागद दाखवावे लागतात.

परतावा जमा झाला म्हणजे विवरणपत्रावर प्राथमिक, बहुतांशी संगणकीय प्रक्रिया झाली, इतकेच. कलम १४३(२) ची छाननीची नोटीस विवरणपत्र भरलेले आर्थिक वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांपर्यंत येऊ शकते, आणि जुने प्रकरण पुन्हा उघडणारी कलम १४८ ची नोटीस सर्वसाधारणपणे करनिर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या आर्थिक वर्षानंतरचे वर्ष) संपल्यापासून सव्वातीन वर्षांपर्यंत. सुटलेले उत्पन्न ५० लाख किंवा अधिक असेल तर सव्वापाच वर्षांपर्यंत. २०२३-२४ या आर्थिक वर्षाची साधी प्रकरणेसुद्धा ३० जून २०२८ पर्यंत उघडता येतात.

ज्यांनी हा संदेश मानून खोटी वजावट आधीच घेतली आहे, त्यांना कलम १३९(८ए) खालील अद्ययावत विवरणपत्राची, म्हणजे चूक सुधारून नंतर भरायच्या विवरणपत्राची, वाट आहे. २०२५ च्या वित्त कायद्याने तिची मुदत करनिर्धारण वर्ष संपल्यापासून २४ वरून ४८ महिन्यांवर नेली. कर आणि व्याज भरून, शिवाय त्यांच्या एकत्रित रकमेवर पहिल्या बारा महिन्यांत २५ टक्के, पुढच्या बारा महिन्यांत ५० टक्के, त्यानंतर ६० आणि शेवटच्या वर्षी ७० टक्के अतिरिक्त कर पडतो.