‘हवामान तर नेहमीच बदलत आले आहे’: एका दाव्याची तपासणी

हवामान लाखो वर्षे आपोआप बदलत आले आहे, हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के आहे, ज्वालामुखी माणसापेक्षा अधिक वायू ओकतात, तापमानवाढ सूर्यामुळे होते आणि म्हणून उत्सर्जन घटवण्याची धोरणे निरर्थक आहेत, अशा आशयाचा मजकूर वारंवार फिरत असतो.

यातले पहिले विधान खरे आहे, पण ते अर्धेच सांगितले जाते. शेवटचे हिमयुग ओसरताना कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दर दशलक्ष भागांत सुमारे ८० भागांनी वाढायला काही हजार वर्षे लागली. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये मोजणी सुरू केली तेव्हा ते सुमारे ३१५ होते आणि आता ४२० च्या वर गेले आहे.

‘जेमतेम’ या शब्दाने फारसे काही सिद्ध होत नाही. कोरड्या हवेचा ९९ टक्के भाग असलेले नायट्रोजन आणि ऑक्सिजन जमिनीकडून येणारी उष्णता जवळजवळ अडवतच नाहीत. ते काम याच अल्प वायूंकडे आहे, हे शास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी १८५९ मध्येच प्रयोगाने दाखवले होते.

ज्वालामुखींचा मुद्दा मोजणीत टिकत नाही, कारण त्या सर्वांचे वार्षिक उत्सर्जन माणसाच्या उत्सर्जनाच्या सुमारे एक टक्का किंवा त्याहूनही कमी भरते. त्याहून बोलका पुरावा कार्बनच्या अणूंतच आहे. वनस्पती हलका कार्बन-१२ अधिक प्रमाणात घेतात, त्यामुळे प्राचीन जीवांच्या अवशेषांपासून बनलेल्या कोळशात आणि खनिज तेलात कार्बनचा जड प्रकार, म्हणजे कार्बन-१३, तुलनेने कमी असतो. हवेतही त्याचे प्रमाण नेमके घटत चालले आहे, आणि ज्वालामुखीच्या वायूमुळे तसे घडले नसते. शिवाय हवेतला ऑक्सिजनही किंचित कमी होत आहे, जे ज्वलनाखेरीज समजावून सांगणे कठीण आहे.

सूर्य तापला असता तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापत असताना त्यावरचा थर, म्हणजे स्थितांबर, थंड झाले आहे, आणि १९७८ पासूनच्या उपग्रह-नोंदींत सौर ऊर्जेची तापमानवाढीशी जुळणारी वाढ दिसत नाही.

धोरणांवरचा आक्षेप मात्र सरसकट झटकता येत नाही: २०१५ च्या पॅरिस करारानंतरही जागतिक उत्सर्जन वाढतच राहिले. तरीही जगातील पहिल्या कोळसा वीजकेंद्रांपैकी एक जिथे १८८२ मध्ये सुरू झाले, त्या ब्रिटनने सप्टेंबर २०२४ मध्ये आपले शेवटचे कोळसा वीजकेंद्र बंद केले आणि त्याचे देशांतर्गत उत्सर्जन १९९० च्या जवळपास निम्म्यावर आले आहे.