तरवड, रोजचं पाणी आणि ‘रानटी’पणा

नमस्कार ताई,

तुमची तक्रार अशी: तरवडाबद्दल मी लिहिलेलं वाचून तुम्ही रस्त्याकडेचं हातभर रोप उपटून आणलं, रोज पाणी घातलं, तरी ते वाळलं. माळावरचं रानटी झुडूप अंगणात लावायला सांगणं ही दिशाभूल आहे, त्यापेक्षा बोगनवेल बरी, असं तुमचं म्हणणं. रोप गेल्याचं मलाही वाईट वाटलं. दिशाभूल मात्र मान्य नाही.

तरवडाचं सोटमूळ मुरमाच्या भेगांतून खोल उतरतं. हातभर रोप उपटलं की ते तुटणारच. त्यात तुमचा खड्डा निव्वळ काळ्या मातीचा. ही माती पाणी धरून ठेवते, तुटलेलं मूळ त्यात सडतं, पानं पिवळी पडतात. आपल्याला वाटतं रोप तहानलंय, म्हणून आणखी पाणी घालतो. तुमच्याकडे बहुधा हेच झालं.

म्हणून तरवड बियांपासूनच करा. झुडपावर वाळलेल्या चपट्या, तपकिरी शेंगा काढा. बियांचं कवच कडक असतं. पॉलिश पेपरवर एका बाजूनं हलकं घासून रात्रभर कोमट पाण्यात ठेवा. सकाळी फुगलेल्या बिया तेवढ्या घ्या आणि जूनमध्ये पाऊस झाला की कायमच्या जागीच पेरा. खड्ड्यात निम्मा मुरूम हवा आणि जागेला दिवसभर ऊन. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एकदा पाणी पुरतं, पुढे तेही लागत नाही. बहर ओसरला की छाटणी करा, नाहीतर झुडूप खालून उघडं पडतं.

बोगनवेलीशी माझं वैर नाही, तीही कमी पाण्यात तगते. पण ती मूळची दक्षिण अमेरिकेतली, आणि तरवडावर जे चालतं ते तिच्यावर दिसत नाही. सकाळी फुलांपाशी जरा थांबून बघा. तरवडाच्या फुलात मध नसतो, भुंगे येतात ते परागासाठी. भुंगा पुंकेसरांना घट्ट धरतो आणि अंग थरथरवतो; गुणगुण एकदम बारीक, चढ्या सुरात जाते आणि पुंकेसरांच्या टोकाच्या छिद्रांतून पराग त्याच्या पोटावर सांडतो. पानं कुरतडलेली दिसली तर कृपा करून फवारणी करू नका. त्या बहुतेक पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या असतात, झुडूप त्यातून पुन्हा फुटतं.

आता ‘रानटी’बद्दल. आपल्या सोलापूर शहराच्या पूर्व भागात बतुकम्माच्या सणाला फुलांची बतुकम्मा कशी रचतात, ते तुम्ही पाहिलं असेलच. भाद्रपद अमावास्येपासून नऊ दिवस तेलुगू भाषक घरांतल्या बायका ताटात फुलांचे थर लावतात, त्यात कुर्डूबरोबर मानाचं फूल तरवडाचं, त्यांचं तंगेडू. तेलंगणाचं ते राज्यफूल आहे. पद्मशाली समाज हातमागाबरोबर हा सण घेऊन सोलापुरात आला, आणि त्याचं फूल इथल्या माळावर आधीपासूनच होतं. साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसात, गुरं तोंड लावत नाहीत म्हणून तगून, ऐन नवरात्रात पिवळंधमक फुलणाऱ्या झाडाला अंगणात जागा नाही, हे मला पटत नाही.

तुमचा खड्डा बुजवू नका. निम्मी माती काढून मुरूम भरा. दिवाळीनंतर शेंगा वाळायला लागतील, तेव्हा इथेच कळवा, बिया मी देईन.