नाव आलं, सहीचं काय?

आज लेकीचं खातं उघडायला बँकेत गेले होते. चित्रकलेत पाचशे रुपये बक्षीस मिळालंय, ते 'माझ्या बँकेत' ठेवायचंय बाईंना. काउंटरवरच्या काकांनी फॉर्म चाळला, पेन्सिलीने एका चौकटीत बारीक फुली मारली आणि माझ्याकडे सरकवला. "ताई, इथं मिस्टरांची सही."

घटस्फोटाला सहा वर्षं झाली हो. ताबा माझ्याकडे. फी, पालकसभा, रात्री दोनचा ताप, सगळं माझ्याकडे. सही मात्र मिस्टरांची!

बँकांना आईच्या सहीनेही मुलाचं खातं उघडता येतं, रिझर्व्ह बँकेची तशी मुभा आहे. तरी फुली पडतेच, कारण तिचं मूळ जुनं. १९५६ चा हिंदू पालकत्व कायदा, कलम ६. अज्ञान (म्हणजे अठरा वर्षांखालच्या) मुलाचा नैसर्गिक पालक बाप, 'आणि त्याच्यानंतर' आई. नंतर! १९८४ मध्ये लेखिका गीता हरिहरन मुलासाठी रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला गेल्या, तर त्यांनाही हेच: बापाची सही आणा, नाहीतर पालकत्वाचा दाखला. म्हणजे माझी फुली चाळीस वर्षं जुनी. बाई सुप्रीम कोर्टात गेल्या. १९९९ ला कोर्ट म्हणालं, 'नंतर' म्हणजे बाप गेल्यावरच असं नाही, तो मुलाकडे बघतच नसेल तरी आई पालक. बरं झालं, मानते. पण कायद्यातला शब्द तिथंच. दोघांना सारखं करा, असं विधी आयोगाने (सरकारला कायद्यांवर सल्ला देणाऱ्या) १९८९ ला सांगितलं, २०१५ ला परत सांगितलं. कुठल्या कपाटात पडलंय देव जाणे.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या नावात आधी आई, मग बाप असं आपल्या महाराष्ट्र सरकारने केलं तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले. मीही ठेवला. (माझी लेक २०१६ ची, तिला ते लागूही नाही.) नाव छापायला काय जातंय? सही द्या ना!

सगळे बाप तसे नसतात, कबूल. दादा त्याच्या पोरीच्या वेण्या माझ्यापेक्षा नीट घालतो. कायदा सारखा झाला तर त्याचं काय जाणारे?

काकांवर आवाज चढवला, ते मात्र चुकलं. निघताना तेच हळूच म्हणाले, "कोर्टाचा कागद आणा, मी साहेबांशी बोलतो."

घरी आल्यावर लेकीने खोडरबर घेऊन फुली खोडली. "आता तू कर सही." कागदावर वळ अजून दिसतोय. त्याच्यावरच केलीय. उद्या साडेदहाला पुन्हा रांगेत.