वेळापत्रक आधी, रूळ नंतर
‘स्वित्झर्लंडने वेगवान मार्ग बांधले आणि मग वेळापत्रक जुळत गेलं’ हे स्विस रेल्वेवरच्या लेखातलं वाक्य पटलं नाही. घडलं ते नेमकं उलटं. १९८२ मध्ये दर तासाला ठरावीक मिनिटाला गाडी सुरू झाली, १९८७ च्या सार्वमतात ‘रेल्वे २०००’ ही रेल्वे-विस्ताराची योजना मंजूर झाली आणि ठरवलेल्या वेळापत्रकाला जिथे मिनिटं कमी पडत होती, तिथेच नवे रूळ पडले. बर्न-झुरिक प्रवासाला तासाहून जास्त वेळ लागायचा. तो तासाच्या आत आणणं भागच होतं, कारण दोन्हीकडे गाड्या तासाच्या ठोक्याआधी दोन-तीन मिनिटं येतात, लोक फलाट बदलतात, आणि ठोका पडला की गाड्या सुटतात. याच वाटेवरचा मॅटस्टेटन-रोथ्रिस्ट हा सुमारे ४५ किमीचा नवा मार्ग डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाला आणि वेळ ५६ मिनिटांवर आली. आणखी पैसा ओतून ५० केली असती तरी प्रवासी पुढच्या गाडीसाठी ताटकळलाच असता. ६३ झाली तर मात्र पुढची जोडगाडीही चुकली आणि स्टेशनाबाहेरची पिवळी पोस्टबसही.

या पद्धतीचा तोटा लेखात आलाच नाही. एक गाडी रखडली की उशीर चहूकडे पसरतो. म्हणूनच जर्मनीहून फार उशिरा आलेली गाडी बऱ्याचदा सीमेवरच्या बासेललाच संपवतात आणि पुढे राखीव गाडी वेळेवर सोडतात. प्रवाशाला सामान उचलून धावावं लागतं, हेही सांगायला हवं होतं. निधीचंही तसंच: २०१४ च्या सार्वमतानंतर २०१६ पासून रेल्वेसाठी कायमस्वरूपी वेगळा निधी आहे, आणि रेल्वे-विस्ताराच्या २०३५ च्या टप्प्याची कामं त्यातूनच होणार आहेत.